रिसीव्हर नवा घ्यावा की वापरलेला?

घरात ५.१ चं होम थिएटर उभारायचं ठरलं की पैशांचा मोठा वाटा स्पीकर आणि सबवूफर घेऊन जातात. उरलेल्यात एव्ही रिसीव्हर बसवायचा असतो. नव्याची किंमत ऐकून माणूस थबकतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगतं की अमक्याकडचा पाच-सहा वर्षांपूर्वीचा वरच्या श्रेणीतला रिसीव्हर निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. दिसायला दणकट, हाताला जड, मागे जोडण्यांची रांग. घ्यावा का?

याचं सरसकट उत्तर कुणी देऊ लागलं तर त्याला थांबवा. तुमचा टीव्ही कोणता, खोली केवढी, तुम्ही बघता काय आणि जोडायचं काय काय, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पण उत्तर शोधण्याची एक रीत आहे, आणि ती रिसीव्हरच्या पोटात काय असतं यातून निघते.

रिसीव्हरच्या एकाच पेटीत दोन वेगळी यंत्रं असतात. पहिलं ॲम्प्लिफायर: जाडजूड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवलेले ट्रान्झिस्टर. हे तंत्र गेल्या कित्येक दशकांत फारसं बदललेलं नाही. नीट हवा मिळाली तर पंधरा वर्षं बिनतक्रार चालतं, आणि बिघडलं तर चांगला कारागीर ते सुटे भाग बदलून दुरुस्त करू शकतो. दुसरं यंत्र डिजिटल: एचडीएमआयचा बोर्ड, डॉल्बी-डीटीएस उलगडणारी चिप, वाय-फाय, ब्लूटूथ. हे झपाट्याने जुनं होतं, आणि मेलं तर बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळाला तर नशीब. तेव्हा वापरलेला रिसीव्हर बघताना स्वतःला एकच विचारायचं: मी पैसे यातल्या कोणत्या यंत्रासाठी मोजतोय?

ॲम्प्लिफायरसाठी मोजत असाल तर जुना माल बहुधा फायद्याचा. डिजिटल बाजूसाठी मोजत असाल तर बहुधा तोट्याचा.

विकणारा मॉडेल नंबर सांगतो, पण कोणत्या वर्षाचं ते बहुतेकदा सांगत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या मॉडेलचं वर्ष शोधणं. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ आलं आणि त्यासोबत आर्क, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे आणण्याची सोय. २०१३ च्या २.० आवृत्तीने ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने नेलं. २०१७ मध्ये २.१ जाहीर झाली. तिच्यात ४के १२० फ्रेम, ८के आणि आर्कचा मोठा भाऊ ई-आर्क होता. रिसीव्हरमध्ये ही आवृत्ती खऱ्या अर्थाने दिसू लागली ती २०२० पासून. २.० च्या बरोबरीने एचडीसीपी २.२ नावाचं कॉपीविरोधी कुलूप आलं. ते ज्या रिसीव्हरला उघडता येत नाही, त्यातून ४के स्ट्रीमिंगचं चित्र पुढे जात नाही. पडदा काळा राहतो किंवा चित्र खालच्या दर्जावर उतरतं. २०१४-१५ च्या बऱ्याच मॉडेल्समध्ये हे कुलूप एखाद-दुसऱ्याच पोर्टवर होतं, तेव्हा त्या दोन वर्षांच्या मालाबाबत जास्त सावध राहा. आवाजाच्या बाजूने बघितलं तर डॉल्बी ॲटमॉस सिनेमागृहात २०१२ मध्ये आलं, घरच्या रिसीव्हरमध्ये २०१४ मध्ये, आणि डीटीएस:एक्स त्याच्या पुढच्या वर्षी. २०१७ ते २०१९ मधल्या काही मॉडेल्सना ई-आर्क नंतर फर्मवेअर अपडेटमधून मिळाला. ते अपडेट प्रत्यक्ष केलेलं आहे का, हे विकणाऱ्याला मेनू उघडून दाखवायला सांगा.

या तारखा वाचून २०१६ च्या आधीचं सगळं बाद असं वाटेल. तसं नाही. चित्र रिसीव्हरमधूनच नेलं पाहिजे अशी सक्ती कुठेच नाही. फायर स्टिक, सेट-टॉप बॉक्स, प्लेस्टेशन, सगळं थेट टीव्हीला जोडायचं आणि टीव्हीतून फक्त आवाज आर्क किंवा ई-आर्कने रिसीव्हरकडे आणायचा. मग रिसीव्हरचं एचडीएमआय कितीही जुनं असलं तरी चित्राला त्याचा त्रास नाही. स्ट्रीमिंग सेवांवरचं ॲटमॉस बहुतांशी डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपात येतं, आणि ते साध्या आर्कमधूनही जाऊ शकतं. रिसीव्हरला ॲटमॉस कळत नसेल तर तो त्याच प्रवाहातून ५.१ काढून वाजवतो. आर्कही नसेल तर ऑप्टिकल केबल आहेच. तिच्यातून डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित जातं. ज्याच्या घरी पाचच स्पीकर आहेत आणि जो फक्त ओटीटीवर सिनेमा बघतो, त्याला याहून जास्त लागत नाही.

ब्लू-रे डिस्क जमवणाऱ्यांचं गणित वेगळं. डिस्कवरचं डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ पूर्ण दर्जात हवं असेल तर ऑप्टिकल आणि साधा आर्क दोन्ही अपुरे पडतात. टीव्हीमार्गे न्यायचं तर ई-आर्क लागतो, आणि तिथेही टीव्हीची साथ हवी. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं आहे, त्यामुळे अशा टीव्हीला जोडलेल्या प्लेअरचा डीटीएस आवाज रिसीव्हरपर्यंत पोहोचेल अशी आशा धरू नका. इथे एक चांगली वाट आहे. बऱ्याच ४के डिस्क प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात, त्यातला एक केवळ आवाजासाठी. पहिला टीव्हीला, दुसरा जुन्या रिसीव्हरला जोडला की चित्र ४के आणि आवाज पूर्ण दर्जाचा, दोन्ही मिळतं. प्लेअर घेताना हे दुसरं छिद्र बघून घेतलंत तर रिसीव्हरवरचा खर्च बराच वाचतो.

मग नवा कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे दोन-तीन गेमिंग कन्सोल आहेत, टीव्हीचे वेगवान पोर्ट कमी पडतात आणि सगळं रिसीव्हरमधूनच फिरवायचं आहे, त्यांनी. जे घर बांधतानाच छतात स्पीकर बसवून ५.१.४ किंवा ७.१.४ करणार आहेत, त्यांनी. आणि ज्यांच्या गावापासून दुरुस्तीचं दुकान पन्नास-शंभर किलोमीटर दूर आहे, त्यांनीही. बारा किलोचं धूड एसटीत घालून दोनदा शहरात न्यायचं आणि आणायचं, यात स्वस्ताईचा सगळा फायदा संपतो. वॉरंटीची खरी किंमत तिथे कळते.

पण नवा म्हणजे निर्धोक, हेही गृहीत धरू नका. २०२० मध्ये डेनन, मॅरँट्झ आणि यामाहा यांच्या एचडीएमआय २.१ असलेल्या नव्या रिसीव्हरांत एकच सदोष चिप निघाली. एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के १२० फ्रेमचं चित्र त्यातून जाईना. डेनन-मॅरँट्झने पुढे एक जोडपेटी दिली, यामाहाने बोर्ड बदलून देण्याची योजना आणली. त्या वर्षाचा माल आज वापरलेला म्हणून बाजारात आहे. गेमिंगसाठी असा घेत असाल तर बोर्ड बदललाय का किंवा ती जोडपेटी सोबत आहे का, हे विचाराच. अगदी ताजं तंत्र पहिल्याच वर्षी घेण्यापेक्षा ते एक-दोन वर्षं मुरू द्यावं, या माझ्या मताला अशा प्रसंगांनी बळच दिलं आहे.

आता वॅटबद्दल, कारण जुन्या-नव्याची तुलना लोक याच आकड्यावर करतात आणि फसतात. एका रिसीव्हरवर १५० वॅट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ९०. पहिल्याचा आकडा बारीक अक्षरांत वाचा: एकच चॅनेल चालू, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती. दुसऱ्याचा वाचा: दोन चॅनेल चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती. हा दुसरा खरं तर जास्त ताकदीचा असू शकतो. शिवाय ताकद दुप्पट केली की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. आपल्या फ्लॅटमधल्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये, शेजाऱ्यांशी संबंध टिकवून सिनेमा बघताना, स्पीकर बहुतेक वेळ चार-पाच वॅटच्या आतच असतात. प्रामाणिकपणे मोजलेले ८० वॅट पुष्कळ झाले.

वापरलेल्या वरच्या श्रेणीची खरी श्रीमंती वॅटमध्ये नसून रूम करेक्शनमध्ये असते. सोबतचा मायक्रोफोन बसण्याच्या जागी ठेवून रिसीव्हर खोलीचा आवाज मोजतो आणि प्रत्येक स्पीकरची पातळी, अंतर आणि स्वर जुळवून घेतो. डेनन-मॅरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी, आणि अलीकडे काहींत डिरॅक लाइव्ह. या प्रणालींच्या साध्या आणि भारी आवृत्त्यांत फरक ऐकू येतो, विशेषतः बासमध्ये. २०१८ च्या डेनन एव्हीआर-एक्स३५००एचमध्ये ऑडिसीची एक्सटी३२ ही भारी आवृत्ती आहे, सात चॅनेल आहेत, ॲटमॉस आहे. उलट आजच्या काही प्राथमिक नव्या रिसीव्हरांत ८केचा शिक्का असतो, पण ॲटमॉस उलगडण्याची सोयच नसते. टाइल्सची जमीन, उघड्या भिंती आणि एका बाजूला गॅलरीचं काचेचं दार, अशा हॉलमध्ये मी ८के सोडून चांगलं रूम करेक्शन घेईन, वापरलेलं का असेना.

वापरलेला बघायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एक छोटा स्पीकर, हातभर वायर, ४के स्टिक, आपली खात्रीची एचडीएमआय केबल आणि एक टॉर्च एवढं पिशवीत टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास हे सगळं मिळेल, पण दुकानदाराच्या केबलने आणि स्पीकरने केलेली चाचणी आपली नसते.

यंत्र सुरू करण्याआधी मागचा स्टिकर वाचा. त्यावर एसी २३०व्ही किंवा २२०-२४०व्ही आणि ५० हर्ट्झ असायला हवं. अमेरिकेहून कायमचे परतलेले नातेवाईक आपलं सगळं सामान घेऊन येतात, आणि त्यातला रिसीव्हर कधी कधी अगदी कमी भावात, प्रेमाने देऊ करतात. त्याच्या मागे १२०व्ही ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. तो थेट आपल्या सॉकेटला लावला की क्षणात जळतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो निदान १००० व्हीएचा, चांगल्या प्रतीचा हवा. तो जागा खातो, गुणगुणतो, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. जपानचा माल १०० व्होल्टचा असतो, तोही त्याच वर्गात. आखातातून आलेला माल बहुधा चालतो, तरी स्टिकर वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. बाहेरून आणलेल्या रिसीव्हरची वॉरंटी भारतात सहसा लागू होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग टॉर्च झाकणाच्या जाळीतून आत मारा. थोडी धूळ चालेल. पाली-झुरळांची घाण, मुंग्यांचं वारूळ, हिरवट झालेलं तांबं किंवा गंज दिसला तर निघा. कोकण, गोवा आणि मुंबईच्या किनारी भागातल्या यंत्रांत खाऱ्या हवेने स्पीकरचे टर्मिनल आणि एचडीएमआयचे पत्रे आधी खराब होतात. बोटाने फिरवून आणि केबल हलवून बघा. झाकणाचे स्क्रू ओरखडलेले असतील तर यंत्र उघडलं गेलंय. उघडणं हा गुन्हा नाही, पण का उघडलं याचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

आता सुरू करा. काही सेकंदांत रिलेचा टक आवाज येऊन यंत्र स्थिर व्हायला हवं. लाल दिवा लुकलुकून बंद पडत असेल तर ते प्रोटेक्शनमध्ये जातंय, म्हणजे बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेत. मेनूतला टेस्ट टोन चालू करून आपला तोच एक स्पीकर पाळीपाळीने प्रत्येक चॅनेलला लावा. सगळीकडे आवाज सारखा हवा. एक चॅनेल मंद किंवा खरखरीत असेल तर किंमत तिथेच निम्मी करायची किंवा सोडून द्यायचं. आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. हलकी सळसळ चालते, घरघर चालत नाही. स्टिक प्रत्येक एचडीएमआय पोर्टला लावून चित्र येतंय ना बघा, ॲटमॉसचा सिनेमा लावून समोरच्या पट्टीवर ती अक्षरं उमटतात का ते बघा. नेटला जोडून अपडेट शोधायला लावा. वाय-फायचा बोर्ड जिवंत आहे का ते त्यात कळतं.

यानंतरची पायरी लोक संकोचाने टाळतात: यंत्र पाऊण तास चालू ठेवा. चहा घ्या, विकणाऱ्याशी गप्पा मारा. एचडीएमआय बोर्डाचे बरेच दोष यंत्र तापल्यावरच उघडे पडतात. थंड असताना सगळं छान, अर्ध्या तासाने चित्र लुकलुकू लागतं. पाऊण तासानंतर सगळे पोर्ट पुन्हा एकदा तपासा. कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणून यंत्र बंद कपाटात ठेवलेलं होतं की उघड्या रॅकवर, हे वयाइतकंच महत्त्वाचं. तुम्ही त्यांच्या घरीच गेला असाल तर ते डोळ्यांनी दिसतं, आणि म्हणून दुकानापेक्षा घरून घेतलेला माल मला जास्त आवडतो.

मायक्रोफोन मागून घ्या. तो त्या कंपनीच्या प्रणालीसाठी जुळवलेला असतो, दुसऱ्याचा चालवून उपयोग नाही. रिमोट हरवला असेल तर फोनवरच्या ॲपने काम भागतं, मायक्रोफोनचं तसं नाही. तो नसेल तर वर सांगितलेलं रूम करेक्शन तुम्ही विकतच घेतलेलं नाही असं समजा.

नावांबद्दलही थोडं. ऑन्कियोच्या २००९ ते २०१२ या काळातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये डिजिटल बोर्ड मरण्याचा दोष इतका पसरला होता की कंपनीने अमेरिकेत पुढे अनेक वर्षं त्यांची मोफत दुरुस्ती केली. नंतर २०२२ मध्ये जपानमधली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, नाव दुसऱ्यांच्या हाती जाऊन टिकलं. पायोनियरचा घरगुती ऑडिओ व्यवसाय त्याआधीच ऑन्कियोकडे गेलेला होता. या दोन्ही नावांच्या जुन्या मालाचे बोर्ड मिळणं कठीण, हे धरूनच भाव करा. त्या काळातला ऑन्कियो एचडीएमआय मेलेला, पण ॲम्प्लिफायर ठणठणीत असा अगदी स्वस्तात मिळाला, तर ऑप्टिकल चालत असल्यास त्यावर ५.१ साठी, नाहीतर नुसत्या दोन स्पीकरांवर गाणी ऐकण्यासाठी तो आजही उत्तम.

आणखी एक अडचण घरातच असते. जुन्या 'होम थिएटर इन अ बॉक्स' संचांचे छोटे स्पीकर पुष्कळांकडे पडून आहेत, आणि ते नव्या-जुन्या रिसीव्हरला लावावेत असा मोह होतो. त्यातले काही ३ ओहमचे असतात. बहुतेक रिसीव्हर ६ किंवा ८ ओहमसाठी, फार तर ४ साठी बनवलेले असतात. ३ ओहमचे स्पीकर जोरात वाजवले तर कितीही महागाचा ॲम्प्लिफायर तापून प्रोटेक्शनमध्ये जाईल. स्पीकरच्या मागचा आकडा आधी वाचा, मग रिसीव्हरची चौकशी करा.

भावाचं माझं गणित असं. भारतातलं बिल आणि शिल्लक वॉरंटी असलेला, तीन वर्षांच्या आतला रिसीव्हर असेल तर आजच्या तशाच नव्याच्या ६० टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. पाच-सहा वर्षांचा, एचडीएमआय २.० आणि ॲटमॉस असलेला, ३५ ते ४० टक्क्यांना घ्यावा. त्याहून जुना, एचडीसीपी २.२ नसलेला, फक्त ॲम्प्लिफायर म्हणून घ्यायचा आणि पैसेही तेवढेच द्यायचे. कधीकाळी तो लाखाचा होता हा विकणाऱ्याचा मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. यात सर्व्हिसिंग, मायक्रोफोन आणि वीज वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर यांचा खर्च मिळवा. बेरीज नव्याच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे जाऊ लागली की नवाच घ्या.

आणि नवा घेताना यंदाचाच हवा असा हट्ट सोडा. नवं मॉडेल आलं की दुकानदाराला आधीचं संपवायचं असतं. दसरा-दिवाळीला त्याच्यावर चांगली सूट मिळते, आणि वॉरंटी पूर्ण असते. डेमोसाठी लावलेला रिसीव्हरही विचारून बघा. तो रोज तासन्‌तास चालला असेल, तेव्हा सूट तशीच भरघोस हवी, आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होईल असं बिलावर लिहून घ्या. वापरलेल्याची जोखीम नको आणि नव्याची पूर्ण किंमतही परवडत नाही, अशा बहुतेक कुटुंबांसाठी मला मागच्या वर्षीचं सीलबंद मॉडेल हाच सर्वांत शहाणा सौदा वाटतो.

कोणताही आणलात तरी वर किमान चार बोटं मोकळी जागा सोडा, सेट-टॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर ठेवू नका, आणि तीन पिनांचा, खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. वापरलेला असेल तर आधी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आधीच्या मालकाच्या खोलीची मोजमापं आणि पासवर्ड निघून जातील. मग पंखे बंद करून, खिडक्या लावून, मायक्रोफोन सोफ्यावर बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर ठेवून कॅलिब्रेशन चालवा, आणि ते चालू असताना घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.